प्लॅटिनमची वाटी आणि न विसरणारं यंत्र

१

शनिवारी दुपारी कारखान्याच्या लॅबमधलं कपाट उघडलं गेलं आणि आतली मखमलीची डबी रिकामी निघाली.

त्या डबीत प्लॅटिनमची वाटी असायची. साखर जाळून मागे किती राख उरते ते बघायला अशी वाटी लागते. दिसायला चटणीच्या स्टीलच्या वाटीसारखी, किमतीला मात्र भलती भारी. चीफ केमिस्ट कानिफनाथ शेळके यांनी बोंब ठोकली, वॉचमन धावले, आणि चहा निवायच्या आत चोर सापडला. वाटी सापडली नाही, पण तिची कुणाला फारशी घाई नव्हती. चोर गरीब असला की तो लवकर सापडतो, आणि हा तर पाथर्डीकडचा ऊसतोड्या होता. गोरक्षनाथ त्याचं नाव. बोटाला कोयता लागला म्हणून औषध मागायला तो लॅबच्या दाराशी आला होता. तेवढं पुरे झालं.

शिवाय त्याच्याविरुद्ध साक्षीला यंत्र होतं.

१९७३ सालचा तो हंगाम. जिल्ह्यात कुणाकडे नाही ते आपल्याकडे पाहिजे, या एका दुखण्यापायी चेअरमन श्रीमंतरावांनी कारखान्यात कॉम्प्युटर आणला होता. काचेच्या खोलीत, गार हवेत त्याला ठेवलं होतं. बॉयलरवरच्या माणसांनी पंखा मागितला की मात्र कारखाना तोट्यात असायचा. कॉम्प्युटरची तार वजनकाट्यावरच्या टाइपरायटरला जोडली होती. उसाची गाडी रिकामी होऊन काट्यावरून निघाली की टाइपरायटर आपोआप खडखडायचा आणि वजन, गाडी नंबर आणि वेळ छापलेली पावती बाहेर पडायची. गोरक्षनाथच्या पावतीवर पाऊण वाजल्याची वेळ होती. त्या चार आकड्यांनी त्याला चौकीत पाठवलं.

सोमवारी त्याच्या टोळीने कोयते खाली ठेवले. मंगळवारी इतर टोळ्यांनी. बुधवारी गव्हाणीत ऊस पडेना आणि ऊस पिळणारे चरक रिकामे फिरायला लागले. मग श्रीमंतरावांना न्यायाची आठवण झाली आणि त्यांची जीप पुणतांब्याला गेली.

२

पुणतांब्याला गोदेच्या काठी आबासाहेब धनवटे पेरूची बाग करून होते. उभी हयात फौजदारकीत गेलेली. चोर त्यांना घाबरत, आणि वरिष्ठ त्यांना टाळत, कारण आबासाहेबांना जगात बहुतेक सगळे मूर्ख वाटायचे आणि ते लपवायची कला त्यांना कधी साधली नाही. निवृत्तीनंतर माणसांपेक्षा पेरू बरे, अशा मताला ते आले होते.

चेअरमनच्या केबिनमध्ये श्रीमंतरावांनी स्वतः खुर्ची पुढे केली. एवढा आदर दिसला की आबासाहेबांना वास यायचा.

"तुम्हाला त्रास नाही फार," श्रीमंतराव म्हणाले. "तुमचं नाव मोठं. टोळ्यांचे मुकादम म्हणतात, आबासाहेबांनी बघावं आणि सांगावं, मग आम्ही कामावर येतो. तुम्ही बघितल्यासारखं करा आणि सांगा."

"काय सांगू?"

"की चोर तोच आहे. आहेच की तो." श्रीमंतरावांनी बोटं दुमडत सुरुवात केली. "शेळके एक वाजता जेवायला निघाले. लॅबमधल्या ट्रान्झिस्टरवर एक वाजल्याचं त्यांनी कानांनी ऐकलं. हा गडी दाराशी औषध मागत होता. थांब म्हणून शेळके गेले. दीडला येऊन बघतात तर गडी नाही आणि वाटी नाही. आता गडी काय म्हणतो? गाडी रिकामी करून मग औषधाला गेलो. बरोबर. पाऊण वाजता गाडी रिकामी, एकला लॅबच्या दारात. कॉम्प्युटरनेच छापलंय ते."

"आणि शेळके गेले तेव्हा तो दारात होता, हे त्याला कबूल आहे?"

"तो म्हणतो, साहेब गेलेच नव्हते, त्यांनी स्वतः औषध लावलं. आता तुम्हीच सांगा, चीफ केमिस्टवर विश्वास ठेवायचा की ऊसतोड्यावर?"

"दोघांवरही नाही," आबासाहेब म्हणाले. "फुकट विश्वास ठेवायला मी काही सभासद नाही तुमचा."

श्रीमंतराव हसले. हसताना त्यांनी शर्टाची बाही वर केली. डाव्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याची पांढरी खूण होती. घड्याळ नव्हतं.

"उद्या त्याला नगरला कोर्टात उभा करणार आहेत," ते म्हणाले. "त्याआधी तुमचं मत मिळालं तर बरं. एकदा नगरला गेला की प्रकरण आपल्या हातात राहत नाही."

३

चौकीच्या आवारात लिंबाखाली एक बाई बसली होती. तिच्या शेजारी फडक्यात बांधलेली भाकरी होती आणि पोलीस ती आत नेऊ देत नव्हते. ती गोरक्षनाथची बायको, कडूबाई.

आत गोरक्षनाथ भिंतीला टेकून होता. दोन्ही हात त्याने मांडीवर उताणे ठेवले होते, कारण ते मिटत नव्हते. वाटी कुठे आहे हे विचारताना तळव्यांवर पट्टा चालवला होता. चौकीचा फौजदार पोरगेला आणि उत्साही होता. आबासाहेबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा सांगायच्या निमित्ताने बाहेर निघून गेला.

"मी रांगंत हुतो साहेब," गोरक्षनाथ म्हणाला. "त्या दिशी रांग हालतच नव्हती. माज्या म्होरं न् मागं आमच्याच टोळीच्या गाड्या हुत्या, इचारा त्यान्ला. गाडी खाली केली, पावती फेट्यात खवली, मग औषदाला गेलो."

"साहेबांनी औषध लावलं?"

"व्हय. बोट दाखवा म्हनले. खाली वाकलो तर पावती पडली, ती बी त्यांनीच उचलून दिली. बघितली न् दिली. लई मायेनं बोलले."

आबासाहेबांनी त्याचं बोट उजेडात धरलं. जखमेभोवती आयोडिनचा तपकिरी डाग होता आणि तिच्यावर गोल पांढऱ्या कागदाची घडी दोऱ्याने नेटकी बांधली होती. लॅबमध्ये रस गाळायला वापरतात तो कागद. एका हाताने कुणी स्वतःला असं बांधून घेऊ शकत नाही. एवढं चौकीतल्या सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी पाहिलं नव्हतं.

बाहेर कडूबाई उठून उभी राहिली.

"सोडत्याल का वो?"

"बघू. त्या दिवशीचं काही आठवतं का तुला? वेगळं काही?"

"भूक आठवती," ती म्हणाली. "फडात आमी भोंग्यावर जेवतो. त्या दिशी भोंगा काही व्हईना. उन्ह डोक्यावरून कलली तरी न्हाई. मुकादम म्हनला, भोंग्याबिगर कुनी बसायचं न्हाई, मशीनवरचा भोंगा हाय, चुकत न्हाई. पोटात कावळे वरडाय लागले साहेब, पर बसून दिलं न्हाई."

आबासाहेब जीपकडे जाता जाता थांबले. आयुष्यात त्यांनी खूप साक्षी ऐकल्या होत्या आणि बहुतेकांचा त्यांना कंटाळा यायचा. या साक्षीचा आला नाही.

४

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढाव्या लागत. आबासाहेबांनी काढल्या नाहीत.

इंजिनियर मोहनीराज नेवाशाचा. पुण्याला शिकून आला होता आणि गावाकडच्या माणसांशी सावकाश, मोठ्याने बोलायचा, जणू सगळे बहिरे आहेत.

"आजोबा, हे यंत्र चुकत नाही," त्याने सुरुवात केली.

"हो का. याचं घड्याळ कुठंय?"

"घड्याळ नाही. त्याची गरज नसते." मोहनीराज खुलला. "विजेला ठोके असतात. एका सेकंदात पन्नास. प्रत्येक ठोक्याला यंत्र हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवतं, आकड्यात एक मिळवतं आणि परत कामाला लागतं. सगळ्यांच्या तळाशी जो मूळ प्रोग्राम असतो, तो हे करतो. तो मी स्वतः लिहिलाय. वर कुणालाही वेळ हवी असली, काट्याच्या पावतीला म्हणा की भोंग्याला, त्याने या मूळ प्रोग्रामला विचारायचं. तो आकडा बघतो, तास-मिनिटं करतो आणि सांगतो."

"म्हणजे याला किती वाजले ते कळत नाही. ठोके किती पडले तेवढंच कळतं."

"एकच आहे ते."

"पहिल्यांदा वेळ कोण सांगतं याला?"

"मी. दर रविवारी सकाळी साफसफाई करून यंत्र नव्याने चालू करतो. तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजला वेळ विचारतो आणि टाइप करतो. मग आठवडाभर बघायला नको."

"वीज गेली तर?"

"कारखान्यात वीज जात नाही. आपलं टर्बाइन आहे."

"या खोलीला टर्बाइनची आहे?"

मोहनीराज किंचित अडखळला. "नाही. टर्बाइनची वीज कमी-जास्त होते, ठोके बिघडतात. या खोलीला आणि कॉलनीला वीज बोर्डाची लाइन आहे. पण ती गेली तरी हरकत नाही. याच्या मेमरीत लोखंडाचे बारीक मणी आहेत. वीज गेली तरी त्यांच्यातलं काही पुसलं जात नाही. वीज आली की यंत्र जिथं होतं तिथून, त्याच आकड्यापासून, आपलं आपण पुढे चालू होतं. हे काहीच विसरत नाही, आजोबा."

हे तो अभिमानाने म्हणाला. आपण काय बोललो ते त्याच्या कानावर पडलं नव्हतं. शिकलेल्या माणसाचं एक बरं असतं, आबासाहेबांच्या मनात आलं, त्याला कबुली द्यायला लावावी लागत नाही, नुसती स्तुती करू द्यावी.

"आणि याची वेळ बरोबर आहे की नाही हे तू कशावर तपासतोस?"

"भोंग्यावर. रोज मिळते. अगदी सेकंदाला सेकंद."

मोहनीराजच्या डाव्या मनगटावरही पट्ट्याची पांढरी खूण होती.

५

बॉयलर हाउसमध्ये भोंग्याची साखळी भिमाजीच्या हातात असायची. गडी घामाने निथळत होता.

"तू भोंगा कशावर देतोस?" आबासाहेबांनी विचारलं.

"ती घंटी हाय ना साहेब. मशीनच्या खोलीतनं तार आलीया. घंटी वाजली की साखळी वढायची. आधी भितीवर घड्याळ हुतं, ते चेरमन साहेबांनी काढून नेलं. म्हनले, आता याची गरज न्हाई."

म्हणजे भोंगा यंत्राला विचारून होत होता आणि यंत्र भोंग्याला विचारून बरोबर ठरत होतं. लाखो रुपये खर्चून या लोकांनी दोन आंधळ्यांचे हात एकमेकांच्या खांद्यावर ठेवले होते आणि दोघेही रस्ता चुकत नाहीत म्हणून टाळ्या पिटत होते. आबासाहेबांना त्या क्षणी आपल्या पेरूंची फार आठवण झाली.

वजनकाट्याचे साहेब फाइलमागे दडून बसले होते. शनिवारी रांग का तुंबली, हे विचारल्यावर त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"मशीन मधेच गप्प झालं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "भोंग्याच्या आधी. टाइपरायटर हालेचना. आम्हाला वाटलं, विचार करतंय. मग बऱ्याच वेळाने आपणहून चालू झालं."

"कुणाला सांगितलं?"

"मशीनबद्दल तक्रार केली म्हणून गेल्या महिन्यात एकाची बदली झालीय, आबासाहेब. मला दोन मुलं आहेत."

यांच्याही मनगटावर पांढरी खूण होती. घड्याळाचं विचारलं तर ते लाजले. दुरुस्तीला दिलंय, श्रीरामपूरला.

लॅबमध्ये झाडलोट करायला छबूबाई होती. तिचं बोलणं फौजदाराने लिहूनच घेतलं नव्हतं, कारण ते शेळक्यांच्या जबाबाशी जुळत नव्हतं आणि बाईला काय कळतंय, असं ठरलं होतं.

"साहेब भोंग्यामागं लगेच निघाले," ती म्हणाली. "भोंगा झाला, मी एवढी खोली झाडली, तवर ते हातात डबा घेऊन गेले बी."

"शेळके म्हणतात एक वाजता गेले. भोंगा तर बाराला होतो. तासाभराचा फरक पडतो, बाई."

"मला घड्याळातलं न्हाई कळत. भोंग्यामागं निघाले, हे डोळ्यानं बघितलं." मग तिला काही आठवून हसू आलं. "त्या दिशी देवानंच माजी येळ राखली, साहेब. सकाळच्याला कॉलनीतल्या गिरनीत दळन टाकाया गेल्ते, तर तितली लाईटच गेली. बसले बसले, लई येळ बसले. म्हनलं, आता भोंगा व्हनार न् आपली हजेरी जानार. लाईट आली, दळन घेतलं, पळत आले, तर भोंगा व्हायचाच हुता."

लॅबच्या आतल्या टेबलापाशी कानिफनाथ शेळके नळीतला रंग न्याहाळत बसले होते. स्वच्छ माणूस. बोलणं नम्र. आबासाहेबांनी त्यांना एकच गोष्ट विचारली.

"किती वाजले हो?"

शेळक्यांनी मनगट वळवलं. "साडेचारला पाच कमी."

आबासाहेबांनी खिशातलं घड्याळ काढलं. ते पुणतांबा स्टेशनच्या घड्याळाला लावलेलं होतं. शेळक्यांचं बरोबर होतं.

६

श्रीरामपूरचा घड्याळजी एका डोळ्याला भिंग लावून बसला होता. कारखान्याचं नाव काढताच त्याने भिंग काढलं आणि हात जोडले.

"साहेब, त्या कारखान्यात काय झालंय ते तुम्ही तरी सांगा. सोमवारपासून सगळे साहेब लोक येतायत. एकेकटे. एकमेकांना चुकवून. प्रत्येकाची तक्रार एकच. शनिवारी घड्याळ भोंग्याच्या पुढे पळालं म्हणून मागे घेतलं, आणि रविवारी पाहिलं तर तेच घड्याळ मागे पडलेलं. सगळ्यांचं पाऊण तास. मी उघडून बघितली. एकाही घड्याळात काडीचा दोष नाही."

"कुणाकुणाची आहेत?"

"चेअरमनसाहेबांचं, मशीनवाल्यांचं, काट्यावरच्यांचं, अकौंटंटचं. मनगटावर घड्याळ असलेला एकूण एक माणूस येऊन गेला."

"केमिस्ट शेळके?"

"ते नाही आले."

आबासाहेब दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. समोरून उसाच्या रिकाम्या गाड्या गावाकडे परत चालल्या होत्या. प्रत्येक साहेबाने शनिवारी भोंगा ऐकला, स्वतःच्या चांगल्या घड्याळाकडे बघितलं, आणि महागडं घड्याळ बिघडलं हे कुणाला कळू नये म्हणून गुपचूप काटे मागे फिरवले. एकानेही शेजारच्याला विचारलं नाही की तुमच्यात किती वाजले. लाजेचा एवढा मोठा साठा आबासाहेबांनी एका आवारात कधी पाहिला नव्हता.

फक्त एका माणसाने काटे फिरवले नव्हते.

त्यांनी घड्याळांचं पुडकं मागून घेतलं. मग परतताना चौकीवर थांबले आणि जुन्या हवालदाराच्या कानात शेळक्यांच्या घराबद्दल काही सांगितलं.

७

संध्याकाळी काचेच्या खोलीत सगळे जमले. आबासाहेबांनी पुडकं सोडलं आणि ज्याचं त्याचं घड्याळ त्याच्या हातात दिलं. साहेब लोकांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं.

"बिघडलेलं एकही नाही," आबासाहेब म्हणाले. "मोहनीराज, याला विचार, किती वाजले."

मोहनीराजने दोन कळा दाबल्या. खोलीतल्या टाइपरायटरने वेळ छापली. ती आबासाहेबांच्या घड्याळाशी जुळत होती. मग भिंतीवरचा मोठा खटका आबासाहेबांनी खाली ओढला. दिवे गेले, पंखे थांबले, मोहनीराजच्या तोंडून एक आवाज निघाला. अंधारात आबासाहेबांनी सावकाश पान लावलं आणि खाल्लं. मग खटका वर केला. यंत्र आपणहून घरघरलं.

"आता विचार."

छापली गेली ती वेळ पानाएवढी मागे होती.

"वीज गेली की मोजणं थांबतं आणि आली की तिथूनच पुढे," आबासाहेब म्हणाले. "विसरत नाही ना हे? मधे वेळ गेला हे मात्र याला कळतच नाही. मोहनीराज, वीज जाऊन आली तर ते कुणाला तरी सांगायची सोय नव्हती?"

मोहनीराजचा चेहरा उतरला. "होती. वीज गेली होती, वेळ पुन्हा घाला, असं छापायचं ते. मी काढून टाकलं."

"का?"

तो श्रीमंतरावांकडे बघायला लागला. श्रीमंतराव छताकडे बघायला लागले.

"साहेब म्हणाले, पाहुणे आले की मशीन असलं रडगाणं छापतं, ते बरं दिसत नाही."

"शनिवारी सकाळी बोर्डाची लाइन पाऊण तास गेली," आबासाहेब पुढे म्हणाले. "तू चहाला असशील. काट्यावर वाटलं, मशीन विचार करतंय. घंटी पाऊण तास उशिरा झाली आणि बाराचा भोंगा पाऊण वाजता झाला. मग छबूबाई बरोबर आणि शेळकेही बरोबर. भोंग्यामागे निघाले आणि एक वाजताच निघाले. आणि गोरक्षनाथच्या पावतीवर पाऊण छापलंय, तेव्हा खरे दीड वाजले होते. एक ते दीड तो बैलांसकट रांगेत उभा होता."

"म्हणजे यंत्राची चूक झाली," शेळके शांतपणे म्हणाले. "मी तर जे ऐकलं ते सांगितलं. माझी वेळ खरी निघाली ना?"

"तीच खरी निघाली. म्हणून तर तुम्ही सापडलात." आबासाहेबांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "या खोलीत सगळी गाढवं आहेत, शेळके, पण प्रामाणिक. भोंगा ऐकून त्यांनी आपली घड्याळं मागे घेतली. तुमच्याजवळ ट्रान्झिस्टर होता. भोंगा चुकलाय हे तुम्हाला एकट्याला कळलं, आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत. एक वाजता वाटी डब्यात घालून घरी गेलात. दीडला परत आलात, तर एक गडी बोट धरून उभा. त्याची पावती खाली पडली, ती तुम्ही उचलली. तुमच्या घड्याळात दीड वाजून गेलेले आणि कागदावर पाऊण. तिथं तुम्हाला चोर मिळाला. यंत्राच्या वेळेत दीड होईपर्यंत थांबायचं, मग बोंब ठोकायची, तो एकला दारात होता असं सांगायचं, बाकी यंत्र बघून घेईल. फक्त औषध आधी लावून बसलात. तुम्ही दीडला आलात तेव्हा गडी तिथं नव्हताच म्हणता, मग त्याचं बोट बांधलं कुणी?"

शेळके काही म्हणणार, एवढ्यात दारात हवालदार आला. त्याच्या हातात पितळी मिसळणाचा डबा होता. मोहरी, जिरं, तिखट, आणि मधल्या वाटीत हळद. ती वाटी बाकीच्यांपेक्षा जड होती.

"शेळकेबाई म्हनल्या, ह्यांनी नवी वाटी आनली," हवालदार म्हणाला.

शेळक्यांचा नम्रपणा एकदम गळून पडला. "वीस वर्षं तुमच्या साखरेची राख मोजली," ते श्रीमंतरावांना म्हणाले. "पुढच्या महिन्यात माझ्या खुर्चीत तुमचा भाचा बसणार. मला काय मिळालं?"

"एका निरपराध माणसाचे हात," आबासाहेब म्हणाले. "ते तुम्ही घेतले. बाकीचं कोर्टाला सांगा."

श्रीमंतराव खोकले. "आबासाहेब, एक विनंती. यंत्राचं बाहेर नको. पुढच्या आठवड्यात मंत्री उद्घाटनाला येतायत."

८

दुसऱ्या दिवशी गोरक्षनाथला नगरला न नेता सोडलं. नोटीस बोर्डावर कागद लागला की पुरावा अपुरा पडल्याने सदर इसमास मुक्त करण्यात येत आहे. यंत्राबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. टोळ्या कामावर आल्या, गव्हाणीत ऊस पडू लागला आणि श्रीमंतरावांचा न्यायातला रस संपला.

आबासाहेब गोरक्षनाथला जीपमधून कारखान्याच्या फाटकापर्यंत घेऊन आले. कडूबाई गाडी घेऊन उभी होती. वर, कचेरीच्या पोर्चमध्ये, साहेब लोक काहीतरी काम असल्यासारखे थांबले होते. खाली कुणी आलं नाही.

कडूबाईने नवऱ्याचे हात आधी बघितले. उलटे करून बघितले, सुलटे करून बघितले. हंगामाचे तीन महिने बाकी होते आणि या हातांत कोयता राहणार नव्हता.

"त्या मशीनचा पाऊन तास गेल्ता, तर फोनवर इचारून परत घातला म्हनं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, ती खरंच विचारत होती. "ह्यांचं जे गेलं, ते कुनाला इचारून घालायचं, साहेब?"

आबासाहेबांना स्वतःची लाज वाटली, आणि ती भावना सवयीची नसल्यामुळे ते पाठ फिरवून बॉयलर हाउसकडे चालू लागले.

"भिमाजी, भोंगा दे."

"घंटी न्हाई झाली, साहेब."

"एक माणूस निर्दोष सुटून चाललाय. दे."

भिमाजीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग कपाळाचा घाम पुसून त्याने दोन्ही हातांनी साखळी धरली आणि ओढली. सकाळी, ना धड दहा ना धड अकरा, अशा वेळी भोंगा झाला. तो लांब, खूप लांब चालला. फडातल्या टोळ्या कोयते टाकून उभ्या राहिल्या आणि फाटकाच्या दिशेने बघायला लागल्या.

आबासाहेब बाहेर आले. पोर्चमधल्या साहेबांनी आपापल्या मनगटाकडे पाहिलं. मग काट्याच्या साहेबांनी हात पाठीमागे नेला आणि काटे बाराकडे फिरवले. मग अकौंटंटने. वरच्या खिडकीत श्रीमंतराव पडद्याआड सरकले, पण त्यांचा कोपर हलताना दिसला.

कडूबाई बैल जुंपत होती. गोरक्षनाथने हात मांडीवर उताणे ठेवले होते आणि त्याने वर पाहिलंही नाही.